कारखान्यातून येणारे घर आणि कोटेशनचे मागचे पान

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. गुहागर तालुक्यात आमच्या वाट्याच्या चार गुंठ्यांत जुने मातीचे घर होते, ते पडले. त्या जागी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी असे 480 चौरस फुटांचे प्रीफॅब घर बसवावे असे आम्हा दोघांच्या मनात आहे. जांभ्याचे बांधकाम आता परवडत नाही आणि गवंडी वेळेवर मिळत नाहीत. गुजरातेतील एका कंपनीने 9 लाख 60 हजार रुपये अधिक 18 टक्के जीएसटी असे कोटेशन दिले आहे. निम्मी रक्कम ऑर्डरसोबत, 40 टक्के माल कारखान्यातून निघण्यापूर्वी आणि 10 टक्के उभारणीनंतर द्यायची आहे. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘दहा वर्षांची वॉरंटी’ आहे, पण कोटेशनच्या मागच्या पानावर ‘वॉरंटी एक वर्ष, कंपनीचा निर्णय अंतिम’ असे छापले आहे. हे ‘टेम्पररी स्ट्रक्चर’ असल्याने परवानगी लागत नाही, असे कंपनीचा प्रतिनिधी सांगतो. महिनाअखेर दर वाढणार म्हणून आम्ही 51,000 रुपये भरून बसलो. ग्रामपंचायतीने नकार दिला तर ते परत मिळतील का? हंगामात एक खोली पर्यटकांना द्यावी असाही विचार आहे. उद्या घर गळले तर दाद कोणाकडे मागायची? कागदावर ‘अहमदाबाद न्यायालय’ लिहिले आहे, म्हणून तिकडे खेपा घालाव्या लागतील का?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

कोटेशनच्या दोन्ही पानांची छायाप्रत पाठवलीत हे फार बरे केलेत. बहुतेक वाचक रंगीत माहितीपत्रक पाठवतात आणि ज्या पानावर सगळे भांडण उभे राहायचे असते ते मागचे पान घरीच राहते. सर्वांत निकडीचे आधी सांगतो. जीएसटी धरून तुमची एकूण रक्कम 11 लाख 32 हजार 800 रुपये होते आणि तिचा निम्मा हप्ता म्हणजे 5 लाख 66 हजार 400 रुपये. तो हप्ता, खाली सांगितलेल्या गोष्टी लेखी मिळेपर्यंत, भरू नका. आज कंपनीला तुमची ऑर्डर हवी आहे, म्हणून ती तुमचे ऐकेल. निम्मे पैसे गेल्यावर तुम्हाला तिचे ऐकावे लागेल.

इतका आग्रह का धरतो, ते सांगतो. कारखान्यात तयार होऊन ट्रकवर येणाऱ्या घरांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत 15 जून 1976 पासून अशा घरांना केंद्र सरकारची एकच बांधकाम संहिता लागू आहे आणि घराच्या वाहून नेता येणाऱ्या प्रत्येक भागावर बाहेरून लाल रंगाची धातूची पट्टी ठोकलेली असते. घर त्या संहितेनुसार बांधल्याची ती खूण. आपल्याकडे तशी पट्टी नाही. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये पूर्वनिर्मित बांधकामावर वेगळा विभाग आहे खरा, पण तुम्ही आणि कंपनी यांच्यातील व्यवहाराला तो आपोआप चिकटत नाही. करारात त्याचे नाव घेतले तरच तो तुमच्या उपयोगाचा. महारेरा हे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरणही इथे कामाचे नाही, कारण स्थावर संपदा अधिनियम 2016 प्रकल्पांसाठी आहे, आणि तुमची जागा तुमच्याच मालकीची असून तिच्यावर एकच घर येणार आहे. सदनिका घेणाऱ्याला त्या कायद्याच्या कलम 14 खाली ताबा मिळाल्यापासून 5 वर्षे बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून घेण्याचा जो हक्क आहे, तो तुम्हाला नाही. तेव्हा कोटेशनच्या त्या दोन पानांत जे लिहून घ्याल तीच तुमची संहिता, आणि तिच्या पाठीशी उभा राहणारा कायदा म्हणजे 20 जुलै 2020 पासून अमलात आलेला ग्राहक संरक्षण अधिनियम 2019.

या कायद्याला तुमच्या घराकडे दोन बाजूंनी पाहता येते. पॅनेल, पत्रे, दारे-खिडक्या या वस्तू आहेत आणि त्यांत उणीव असेल तर तो ‘दोष’ ठरतो. ते सारे जागेवर आणून उभे करणे ही सेवा आहे आणि तिच्यातील उणीव ही ‘त्रुटी’. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात 1993 सालीच सांगितले, आणि 2019 च्या अधिनियमातील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. हा भेद पुस्तकी वाटेल, पण कंपन्या नेमका याच फटीतून निसटतात. तुमच्या कोटेशनच्या मागच्या पानावरचे सातवे कलम पुन्हा वाचा: ‘उभारणी अधिकृत कंत्राटदारामार्फत होईल; तिचा मोबदला ग्राहकाने कंत्राटदारास परस्पर द्यावा.’ घर गळू लागले की कंपनी म्हणणार, पॅनेल उत्तम होती, फिटिंग चुकले. कंत्राटदार म्हणणार, मी सांगितले तसे स्क्रू मारले, पॅनेलच वाकडी होती. ग्राहक आयोगापुढे दोघांनाही विरुद्ध पक्ष करता येते, परंतु कोणाचे किती चुकले हे ठरेपर्यंत तुमचे दोन पावसाळे जातात. म्हणून हे कलम खोडून घ्या. पुरवठा, वाहतूक, उतरवणे, उभारणी आणि जलरोधन या सर्वांची जबाबदारी एकट्या कंपनीची, बिल एकाच नावाने आणि मोबदला एकाच खात्यात, असे लिहून घ्या. बाकी कुठे नमते घ्यावे लागले तरी चालेल, इथे घेऊ नका.

आता पुढच्या पानाकडे येऊ. तिथे ‘पफ पॅनेल 50 मिमी, प्री-पेंटेड शीट 0.5 मिमी, एमएस स्ट्रक्चर’ एवढेच लिहिले आहे (पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, एमएस म्हणजे साधे पोलाद). ऐकायला भरघोस वाटणारे हे वर्णन दाद मागण्याच्या दृष्टीने पोकळ आहे, कारण कमअस्सल मालही त्यात बसतो. पत्र्याची 0.5 मिमी जाडी रंग आणि जस्ताचा थर धरून आहे की निव्वळ पोलादाची, हे विचारा; व्यापारी पहिलीला टीसीटी आणि दुसरीला बीएमटी म्हणतात, आणि भाव सांगताना पहिली सांगून मोकळे होतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा टिकतो तो वरच्या थरामुळे, म्हणून हा थर प्रति चौरस मीटर किती ग्रॅम, तेही लिहून घ्या. 120 ग्रॅम आणि 275 ग्रॅम जस्ताचे पत्रे रंगवल्यावर डोळ्यांना सारखेच दिसतात. तुमच्या गावच्या हवेत मात्र त्यांच्या आयुष्यात फार अंतर पडते. पॅनेलमधील फोम पफच आहे की थर्माकोल, आणि त्याची घनता किती, हेही आकड्यात हवे. पफसाठी प्रति घनमीटर 40 किलो हा बाजारात रुळलेला आकडा आहे. माझ्या एका पक्षकाराने माल उतरत असताना सोनाराकडे असतो तसला छोटा मायक्रोमीटर खिशातून काढून पॅनेलची कड मोजली, तेव्हा 0.5 च्या जागी 0.35 निघाली. प्रतिनिधीचा चेहरा पडला, पण कोटेशनमध्ये जाडी कोणत्या पद्धतीने मोजायची हे लिहिलेलेच नसल्याने पुढे वाद घालायला त्याला जागा मिळाली. तुम्ही ती जागा ठेवू नका.

वाऱ्याचेही तसेच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते तुमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्याला समांतर गेले. त्या दोन वादळांत कोकणात छपरे किती उडाली हे तुम्हाला मी सांगायला नको. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आयएस 875, भाग 3 हे आहे. त्यात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर, आणि पुणे व पणजीसाठी 39 मीटर धरला आहे. अहमदाबादजवळच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीसाठी काढलेले तयार ड्रॉइंग तुमच्या सड्यावरच्या उघड्या जागेला चालेलच असे नाही, कारण मूळ वेगावर जागेची उंची, उतार आणि उघडेपणा यांचाही हिशेब करावा लागतो. म्हणून तुमच्या गावाचे नाव घातलेला, संरचना अभियंत्याची सही असलेला आराखडा मागा, आणि त्यात चौथऱ्यात बसवायच्या अँकर बोल्टांची जागा व खोली दाखवलेली असू द्या. चौथरा बांधण्याचे काम तुमच्याकडे आहे, हे तर त्यांनी आधीच लिहून टाकले आहे. तो ड्रॉइंगप्रमाणे नव्हता ही सबब पुढे येऊ नये, यासाठी चौथरा झाल्यावर कंपनीच्या माणसाने येऊन मापे घ्यावीत आणि ‘योग्य आहे’ असे लिहून द्यावे, ही अट घाला. आणि जाता जाता, छपराची वळचण. तयार नमुन्यात ती जेमतेम वीतभर असते. 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात पागोळ्या भिंतीपासून दोन हात दूर पडायला हव्यात, हे तुमच्या सासूबाईंच्या पिढीला अभियंत्याशिवाय कळत होते.

वॉरंटीच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे. माहितीपत्रकावरची दहा वर्षे कशाची, हे ईमेलने विचारा. बहुधा उत्तर येईल की ती पत्र्यावरच्या रंगाची आहेत आणि पोलाद बनवणाऱ्या मूळ कारखान्याकडून आलेली आहेत. अशा वॉरंटीत समुद्रकिनाऱ्यापासूनच्या अंतराची अट असू शकते, तेव्हा ती मूळ वॉरंटीच मागवा आणि तुमची जागा तिच्यात बसते का ते पाहा. गळती, सांध्यांतील फट, दारे न लागणे, जमीन खचणे या नित्याच्या तक्रारींना ती दहा वर्षे लागत नाहीतच. मात्र माहितीपत्रकाला कायद्यात किंमत नाही असे समजू नका. पुरेशी चाचणी न करता एखाद्या वस्तूच्या टिकाऊपणाची हमी लोकांना देणे ही 2019 च्या अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि वस्तू स्पष्ट दिलेल्या हमीनुसार नसेल तर कलम 84 खाली उत्पादकावर दायित्व येते. हमी देताना आम्ही निष्काळजीपणा केला नव्हता, हा बचाव तिथे चालत नाही. फक्त एक मर्यादा ध्यानात ठेवा. या उत्पादन-दायित्वाखाली भरपाई मिळते ती माणसाला झालेल्या इजेची आणि इतर मालमत्तेच्या नुकसानीची. गळतीने तुमचे कपाट, गाद्या आणि फ्रिज गेला तर ते त्यात येते, पण घर स्वतः खराब निघाले तर त्यासाठी सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी हाच रस्ता धरावा लागतो. तक्रारीत दोन्ही मागण्या एकत्र करता येतात. माहितीपत्रक जपून ठेवा आणि त्यावर ते मिळाल्याची तारीख आजच घाला. ‘कंपनीचा निर्णय अंतिम’ हे शब्द खोडायला सांगा. नाही खोडले तरी त्यांनी आयोगाचे हात बांधले जात नाहीत.

परवानगीविषयी प्रतिनिधीने सांगितले ते चूक आहे. राज्याच्या एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत इमारतीची व्याख्या करताना ती कोणत्याही साहित्याची असली तरी ती इमारतच, असे म्हटले आहे, आणि गावठाणात घर उभारायला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी हा जुना नियम आहे. भिंती विटेच्या की पफच्या याने काही बदलत नाही. तुमचे जुने घर होते म्हणजे जागा गावठाणात आणि घरपट्टीला नोंदलेली असण्याचा संभव मोठा आहे, आणि तसे असेल तर परवानगी हे दिव्य ठरू नये. जागा सातबाऱ्यावर शेती म्हणून असेल तर मात्र आधी तलाठ्याकडे आणि तहसीलदार कचेरीत विचारणा करा. जुन्या घराची घरपट्टीची पावती आणि आठ-अचा उतारा शोधून ठेवा. सामायिक जमीन असल्यास सहहिस्सेदारांची संमतीही इथेच लागेल. चार गुंठे ‘वाट्याला आले’ ते तोंडी की कागदावर, हे तुमच्या पत्रातून कळत नाही.

आता पर्यटकांच्या खोलीचा प्रश्न. तुम्ही तो शेवटी, जाता जाता लिहिला आहे, पण तुमच्या तक्रारीचे भवितव्य त्यावर अवलंबून राहू शकते. व्यावसायिक प्रयोजनासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा माणूस या कायद्यात ग्राहक नसतो, आणि कंपनीचा वकील पहिला बाण हाच सोडील. सर्वोच्च न्यायालयाने लीलावती रुग्णालयाच्या न्यासाच्या प्रकरणात 2019 साली सांगितले की व्यवहारामागचा मुख्य हेतू काय होता हे पाहायचे असते. त्या न्यासाने परिचारिकांच्या राहण्यासाठी सदनिका घेतल्या होत्या आणि न्यायालयाने त्याला ग्राहक मानले. प्रयोजन व्यावसायिक होते हे सिद्ध करण्याचा भार विरुद्ध पक्षावर असतो, हेही 2024 च्या एका निकालात स्पष्ट झाले आहे. तुम्ही दोघे स्वतः राहण्यासाठी घर बांधता आहात आणि वर्षातले थोडे दिवस एक खोली पाहुण्यांना देणार आहात. माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे. पण तुमच्या कोटेशनवर प्रतिनिधीने ‘रिसॉर्ट युनिट, 1 नग’ असे लिहिले आहे, ते पाहिलेत का? ते दुरुस्त करून ‘ग्राहकाच्या स्वतःच्या निवासासाठी घर’ असे लिहून घ्या. खोटे लिहा असे मी म्हणत नाही. मुख्य हेतू जो खरा आहे तोच कागदावर येऊ द्या. पुढे न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करावीशी वाटली तर ती घर झाल्यावर करता येईल. तुम्ही तीन-चार अशी घरे ओळीने बसवणार असता तर मी वेगळा सल्ला दिला असता आणि दिवाणी न्यायालयाचीच तयारी ठेवा म्हटले असते.

अहमदाबादची काळजी सोडा. अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी ठाणे. ‘वाद फक्त अमुक न्यायालयात’ हे छापील वाक्य कायद्याने दिलेला हा हक्क काढून घेऊ शकत नाही. त्याच्या खालच्या लवादाच्या कलमालाही घाबरू नका; करारात लवादाची तरतूद असली तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येते, यावर एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात डिसेंबर 2018 मध्ये शिक्कामोर्तब झाले आहे. एकतर्फी करारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली पायोनियर अर्बनच्या निकालात बिल्डरला चांगलेच सुनावले आहे, आणि नव्या अधिनियमात ‘अनुचित करार’ ही संकल्पनाच आली आहे. मात्र केवळ करार अनुचित आहे एवढ्याच मुद्द्यावर जायचे तर जिल्हा नव्हे, राज्य आयोग गाठावा लागतो. तुम्हाला त्याची गरज पडेल असे वाटत नाही.

हप्त्यांची मांडणी बदलायला सांगा. तुमच्या कोटेशनप्रमाणे घर डोळ्यांनी पाहण्याआधीच 90 टक्के रक्कम जाते, आणि उरलेल्या 1 लाख 13 हजारांसाठी कोणी गुजरातेतून पुन्हा गुहागरला येणार नाही. ऑर्डरसोबत 25 टक्के, कारखान्यात तयार माल पाहिल्यावर 35, जागेवर माल उतरून मोजून घेतल्यावर 25, उभारणीनंतर 10 आणि पहिला पावसाळा पार पडल्यावर 5, अशी काहीतरी मागणी करा; घासाघीस होऊन आकडे हलतील, पण काही रक्कम पावसाच्या पलीकडे राहिली पाहिजे. वितरणाची तारीख लिहा, आणि उशीर झाल्यास दर आठवड्याला किती रक्कम वजा होणार तेही. तुमच्या पाखाडीच्या वळणावर ट्रेलर वळणार नाही असे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा कंपनीने आधी येऊन रस्ता पाहावा आणि क्रेन व हमालीचा खर्च कोणाचा हे ठरवावे. नाहीतर ट्रक हमरस्त्यावर उभा राहतो आणि ताशी भाडे तुमच्या डोक्यावर बसते.

माल येण्याच्या दिवसाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण बरीच प्रकरणे मी त्या एका दिवसात हरलेली पाहिली आहेत. दापोलीकडच्या एका कुटुंबाचा ट्रक सकाळी यायचा तो संध्याकाळी साडेसहाला आला. पाऊस भुरभुरत होता, चालकाला रात्रीच घाट चढायचा होता. घरच्या काकांनी मोबाइलच्या उजेडात, ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून चलनावर सही केली. त्यावर छापलेले होते: ‘सर्व माल मोजून सुस्थितीत मिळाला.’ सकाळी ताडपत्री काढली तेव्हा तीन पॅनेलच्या कडा चेपलेल्या आणि खिडकीची एक चौकट तुटलेली. कडा चेपलेले पॅनेल दुसऱ्यात नीट बसत नाही आणि पाणी तिथूनच आत येते. सुनावणीत काकांना पहिला प्रश्न त्या सहीचा विचारला गेला. त्यांना शेवटी थोडी भरपाई मिळाली ती त्यांच्या सुनेने सकाळी आठ वाजता, एकही पॅनेल हलवण्याआधी, काढलेल्या छायाचित्रांमुळे आणि लगेच केलेल्या ईमेलमुळे. तुम्ही सही करताना छापील वाक्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात ‘माल तपासलेला नाही, तपासणीनंतर कळवू’ असे लिहा. चालक कुरकुरेल, पण घेऊन जाईल.

घर उभे राहिल्यावर दोष दिसला तर आधी ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक, आणि दाद लागली नाही तर जिल्हा आयोग, असा क्रम ठेवा. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाला अधिकार आहे. तुमच्या रकमेला शुल्क 400 रुपये पडेल. तक्रार 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही. कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितले आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची चाचणी लागल्यास पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ धरून चला. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षे आहे. ‘माणूस पाठवतो’, ‘पावसाळा संपू द्या’ अशा ईमेलांनी ही मुदत वाढत नाही, म्हणून पहिली गळती ज्या दिवशी दिसली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि दुसरा पावसाळा संपेपर्यंत वाट पाहू नका. सोबत स्थानिक अभियंत्याचा छायाचित्रांसह अहवाल जोडा. घर गुहागरला आणि सुनावणी ठाण्याला असल्याने आयोगाच्या डोळ्यांपुढे घर आणणारा कागद तोच.

आता राहिले 51,000. पावतीवर ‘बुकिंग अॅडव्हान्स’ लिहिले आहे आणि ‘परत मिळणार नाही’ असे कुठेही छापलेले नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट. छापले असते तरी भारतीय करार अधिनियमाच्या कलम 74 खाली वाजवी भरपाईपेक्षा अधिक रक्कम दाबून ठेवता येत नाही, आणि नुकसानच झाले नसेल तर केवळ कागदावर लिहिले म्हणून रक्कम जप्त करता येत नाही, हे कैलास नाथ असोसिएट्सच्या निकालात 2015 साली सांगितले आहे. तुमच्या ऑर्डरचे अजून ड्रॉइंगही झालेले नाही. प्रतिनिधीने व्हॉट्सअॅपवर ‘परमिशनची गरज नाही मॅडम, टेम्पररी स्ट्रक्चर’ असे लिहिले आहे, तो संदेश पुसू नका आणि तो फोन विकू नका. असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन जवळ असला की ते सोपे जाते.

आजच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, प्रतिनिधीच्या व्हॉट्सअॅपवर नव्हे, पुढील मजकूर पाठवा: ‘आपल्या प्रतिनिधीने परवानगीची गरज नसल्याचे लेखी कळवल्यामुळे आम्ही 51,000 रुपये भरले. चौकशीअंती परवानगी आवश्यक असल्याचे समजले असून आम्ही ग्रामपंचायतीकडे अर्ज करीत आहोत. परवानगी मिळेपर्यंत उत्पादन सुरू करू नये. परवानगी नाकारली गेल्यास, अथवा सोबत जोडलेल्या दुरुस्त्या आपणास मान्य नसल्यास, संपूर्ण रक्कम 15 दिवसांत आमच्या खात्यात परत करावी. हे मान्य असल्याचे सात दिवसांत कळवावे.’ उत्तर आले तर तोच तुमच्या कराराचा पहिला कागद. उत्तर आले नाही तर उरलेले पैसे अजून तुमच्या खात्यातच आहेत, आणि 51,000 रुपयांच्या तक्रारीला ठाण्याच्या आयोगात शुल्क शून्य आहे. महिनाअखेरचा दर गेला तर जाऊ द्या. गेल्या तीन महिन्यांत हाच ‘महिनाअखेरचा दर’ घेऊन आलेले हे तुमचे चौथे कोटेशन आहे.